धाकाला माणूस लागतो

मी भोचक आहे. लहानपणी हे आई म्हणायची, लग्नानंतर सासूबाई म्हणू लागल्या, आणि दोघींचंही म्हणणं खरं होतं. शेजारच्या घरात भांडण जुंपलं की माझ्या हातातली मेथी निवडायची राहून जायची. कोण चुकलं याच्याशी मला देणंघेणं नसायचं. सुरुवात कुठून झाली, एवढं कळल्याशिवाय मात्र चैन पडायचं नाही. पुढे नोकरीच अशी मिळाली की परक्याच्या घरात जाऊन बसायचं आणि तिथं काय चाललंय ते बघायचं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, आता फुकट तरी करणार नाहीस."

ही नोकरी नेमकी काय, हे मला इतक्या वर्षांत एका वाक्यात सांगता आलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा ती नीट कळलेली नाही. कुणी विचारलं की ते "समाजकार्य" असं मोघम सांगून मोकळे होतात. तर सांगते. घरात लहान मूल आहे आणि आईबापांना ते झेपेनासं झालंय. जेवत नाही, झोपत नाही, चावतं, भिंतीवर डोकं आपटतं. किंवा मूल धडधाकट आहे, पण आईलाच सकाळी उठावंसं वाटत नाही. अशा घरी जायचं, पुन्हापुन्हा जायचं, आणि त्या माणसांना त्यांची वाट सापडेपर्यंत सोबत राहायचं. आमच्या संस्थेच्या कागदांवर याला "पालकांसाठी प्रारंभिक आधार" असं भारदस्त नाव होतं. प्रारंभिक म्हणजे दूध उतू जायच्या आधी गॅस बारीक करणं. उतू गेल्यावर ओटा पुसायला दुसरी खाती आहेत. डॉक्टर आहेत, पोलीस आहेत, कोर्ट आहे. आम्हाला त्याच्या आधी पोचायचं असायचं.

अडचण अशी की उतू न गेलेल्या दुधाची तक्रार कुणी करत नाही. त्यामुळे आम्ही कशाला आलोय हेच लोकांना कळायचं नाही. कोयनानगरच्या बाजूला एका घरी नातवाबद्दल बोलायला गेले, तर आजोबा हाताला धरून मला घराच्या मागे घेऊन गेले आणि भिंतीला गेलेली चीर दाखवू लागले. ही जुन्या धक्क्याची, ही परवाची, ह्यात आता बोट जातं. मी भूकंपाची पाहणी करायला आलेय अशी त्यांची खात्रीच होती. मी सगळ्या चिरा बघितल्या. बोटही घालून बघितलं. मग चहा आला, आणि चहाबरोबर नातूही आला. पहिल्या भेटीत यापेक्षा जास्त काही मिळवायचं नसतं.

पहिल्या भेटीचा आमचा नियम एकच: सल्ला द्यायचा नाही. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसायचं, म्हणजे मुलाच्या उंचीला येतो. खेळणं न्यायचं नाही, खाऊ न्यायचा नाही. बसायचं आणि बघायचं. नव्या मुलींना हे फार जड जायचं. त्या पुण्यात शिकून आलेल्या असायच्या आणि सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ असायचं. मी म्हणायची, बाई गं, सांगणारे त्या घरात आधीच खूप आहेत. सासू सांगते, शेजारीण सांगते, मोबाईल तर दिवसभर सांगतोच. विचारणारं कुणी नाही, ते आपण व्हायचं.

विचारण्याने काय होतं ते मला वाईच्या इस्माईलभाईंनी शिकवलं. त्यांचं चपलांचं दुकान होतं. मुलगा अदनान चार वर्षांचा, आणि भाईंची तक्रार अशी की हा मुलगा एक गोष्ट ऐकत नाही. अंघोळीला रडतो, कपड्याला रडतो, बुटाला रडतो. "ताई, माझ्या दुकानात हजार बूट हायत, आन माझाच पोरगा अनवाणी हिंडतोय." मी दुकानाच्या कोपऱ्यात जमिनीवर बसून राहिले. एक बाई आल्या. भाईंनी त्यांना चपला दाखवल्या. ही नको? मग ही बघा. रंग आवडला नाही? थांबा, वरनं काढतो. अर्धं दुकान जमिनीवर उतरवून त्या बाई काहीच न घेता गेल्या. भाई शांतपणे एकेक जोड खोक्यात घालू लागले. मी विचारलं, "राग नाही आला?"

"राग कसला ताई? गिऱ्हाईक हाय."

एवढं बोलले आणि खोकं हातात धरून थांबले. अदनान कोपऱ्यात एका पायात बूट घालून बसला होता. भाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढच्या वेळी गेले तर भाई मुलापुढे दोन शर्ट धरून उभे. "हा दाखवू, का हा?" माझी चाहूल लागल्यावर मान न वळवता म्हणाले, "ताई, ह्ये गिऱ्हाईक लय घासाघीस करतंय." पण आवाजात पूर्वीचा त्रागा नव्हता. मी तिथं केलं काय म्हणाल, तर एक प्रश्न विचारला.

सगळीकडे असं जमलं नाही. सांगलीत एका घरात दुसऱ्या बाळंतपणानंतर सून बोलेनाशी झाली होती. घरचे म्हणत, नाटकं आहेत. आम्हाला बोलावलं तेव्हा ती माहेरी निघून गेली होती आणि तान्हं मूल सासरीच राहिलं होतं. मी दोन्ही घरी कितीतरी हेलपाटे घातले. दोन्हीकडे चहा मिळाला, दोन्हीकडे दुसऱ्या घराच्या कागाळ्या ऐकल्या, आणि ती काही परत आली नाही. थोडं आधी पोचलो असतो तर, असं मनात येतं. त्या मुलाला मी अजूनही विसरलेले नाही.

पण आज मला लिहायचंय ते शिराळ्याकडच्या एका घराबद्दल. ते माझं शेवटचं काम. त्यानंतर गुडघ्यांनी घाट चढायला नकार दिला आणि मी थांबले.

तिथल्या अंगणवाडीच्या सेविकेचा फोन आला. "मॅडम, एक घर बघा की. पोरगं बापाला भितंय."

मी म्हटलं, "भितात की पोरं."

"तसं न्हवं. बाप मिलिटरीत हाय, सुट्टीवर आलाय. आन तवापास्नं पोरगं जेवंना झालंय. आता बाप बी जेवंना झालाय."

बाप जेवेना म्हटल्यावर मी पिशवी उचलली.

श्रावणाचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस माणसाच्या वर गेलेला. घर नवं, स्लॅबचं. शेजारी जुना कौलारू गोठा. घरात माणसं चार. आजी, जिला सगळा गाव आक्का म्हणायचा. तिचा मुलगा अमोल, फौजेत नायक. त्याची बायको कोमल. आणि साडेतीन वर्षांचा मुलगा, ज्याचं नाव होतं शौर्य. नाव ऐकून मला हसू आलं, पण ते मी आवरलं, कारण शौर्य त्या वेळी कॉटखाली होता.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. बाप गोठ्यात गेल्याची खात्री करून आला. आणि मग जे मूल मी बघितलं, त्यात भित्रं काहीही नव्हतं. माझ्यापुढे उभं राहून त्याने माझा चष्मा काढला आणि स्वतः घालून बघितला. अंगणातल्या कुत्र्याची शेपूट ओढली. आक्का म्हणाली, "आवं बाई, नागपंचमीला मातीच्या नागाच्या तोंडात बोट घातलं ह्यानं. म्हशीच्या पायात झोपतंय. ह्येला भ्या म्हणून ठावं न्हाई." इतक्यात गोठ्याकडून अमोल नुसता खाकरला, आणि चष्मा खाली टाकून पोरगं पुन्हा कॉटखाली गेलं.

मला तर पर्वणीच होती. सगळं जग एकीकडे आणि हा एक माणूस दुसरीकडे, असं का? घरच्यांनी आपापल्या परीने शोध घेतलाच होता. आक्काने दृष्ट काढली होती, अंगारा लावला होता. कोमलला वाटलं गणवेशाला भीत असेल, म्हणून तिने लष्करी पेटी माळ्यावर टाकली होती. कुणीतरी म्हणालं मिशीला भितंय, तर अमोलने मिशी काढली. आमच्याकडे माणूस मिशी उतरवतो ती घरात कुणी गेल्यावर. "गावातली इचारत्यात, आक्का, कोण गेलं?" आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय सांगू? पोरानं बापाचं भ्या घेतलंय म्हणून बापानं मिशी दिली?"

मी गोठ्यात गेले. अमोल म्हशीला पाणी पाजत होता. उंचापुरा गडी, ओठावरची जागा चेहऱ्याच्या मानाने उजळ दिसत होती. मला बघून एकदम ताठ उभा राहिला. "जय हिंद, मॅडम."

मी म्हटलं, "मागच्या सुट्टीतही असाच भ्यायला होता?"

"न्हाई. मागच्या खेपेला लहान होता, पण अंगाखांद्यावर खेळला. माझ्या छातीवर झोपायचा." मग बादली खाली ठेवून तो सरळ मुद्द्यावर आला. "मॅडम, माझं पोस्टिंग आता वर बर्फात हाय. ह्यो असाच ऱ्हाणार असंल तर पुढच्या सुट्टीला मी येत न्हाई. युनिटमदीच थांबीन. माझ्यामुळं पोराच्या पोटात घास जात न्हाई, मग यायचं कशाला?"

मागे कोमल वैरणीचा भारा घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं. भारा टाकून निघून गेली. सुट्टी संपत आली होती. मूल जवळ आलं नाही तर हा माणूस परत येणार नव्हता, आणि तो नुसतं बोलण्याकरता बोलणाऱ्यांतला दिसत नव्हता.

मागच्या सुट्टीला खेळला आणि या सुट्टीला भ्याला. मधल्या काळात अमोल घरात नव्हताच. जो माणूस घरात नव्हता त्याची भीती कुणी आणि कुठून भरली? परतीच्या बसमध्ये माझं डोकं तिथंच अडकलं होतं. कराड कधी आलं ते कळलं नाही.

दुसऱ्या वेळी मी मुद्दाम जेवणवेळेला गेले. अमोल उसाच्या पाण्याची मोटार बघायला गेला होता. कोमलने ताट वाढलं. शौर्यने भाकरी ढकलली. कोमलने समजावलं, चिमणीचा घास झाला, कावळ्याचा झाला. पोरगं तोंड मिटून बसलं. मग आक्का उठली, खिडकीतला मोबाईल उचलला आणि शौर्यच्या नाकापुढे धरला.

"लावू का पप्पाला? लावू?"

पोराने घास न चावता गिळला. दुसरा गिळला. डोळे मोबाईलवर. आक्का माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, "बगा. एवढं मातूर ऐकतंय."

मी विचारलं, "हे रोजचं?"

"मग? दिसभर घरात आमी दोगी बायका. आमचं कोण ऐकतंय? बापाचं नाव काडलं की गार हुतंय." कोमल खाली बघून म्हणाली, "संध्याकाळी त्यांचा फोन आला की दिवसभराचं सगळं सांगतो आमी. जेवला न्हाई, दूध सांडलं, कुत्र्याला मारलं. मग ते दम भरत्यात."

"काय म्हणतात?"

आक्काने अमोलचा आवाज जसाच्या तसा काढला: "ए शौर्य! जेव गुमान! न्हाईतर तिकडं येऊन बघतो तुला!"

झालं. एवढं एक वाक्य मला हवं होतं. महिनोन्‌महिने त्या पोराला रोज संध्याकाळी एक माणूस सांगत होता, की येऊन बघतो. आणि एक दिवस तो माणूस खरंच आला.

हे लक्षात आल्यावर मला लगेच बोलून टाकावंसं वाटलं, नाही असं नाही. जीभ शिवशिवत होती. पण माझ्या तोंडून ऐकलं असतं तर आक्काला तो आपल्यावरचा ठपका वाटला असता, आणि मग पालथ्या घड्यावर पाणी. मी अमोलची वाट बघत बसले. तो आला, पोरगं कॉटखाली गेलं, आणि अमोल नेहमीसारखा उंबऱ्याबाहेरच पायरीवर टेकला. मी तिथूनच विचारलं, "तिकडून फोन करता तेव्हा तुम्ही शौर्यशी काय बोलता?"

त्याने खूप आठवायचा प्रयत्न केला. "दम भरतो," तो म्हणाला. "ह्या सांगत्यात तसा."

"आणखी?"

"आणखी काय न्हाई. तेवढ्यात रेंज जाती."

"दम भरायला आवडतं?"

"मॅडम, आवडायचं काय त्यात? आमच्याकडं फोन लागाय रांग आसती. घरातनं सांगत्यात, जरा वरडा, तुमचंच ऐकतंय. मला वाटायचं, एवढं तर एक काम हाय, जे तिकडं बसून बाप म्हणून मला करता येतंय." मग कॉटखालच्या अंधाराकडे बघत हळूच म्हणाला, "आयला. त्याला म्या दुसरं काय बोललोच न्हाई."

मग आक्का बोलली, आणि तिला राग आला होता. "मग काय चुकलं आमचं? बापाचा धाक नगो? तुजं बाबा फौजेत हुतं, तवा फोन बी न्हवता. नुस्तं म्हणायची, पत्र टाकते. की तू गप."

"म्हणून तर मी बाबा आलं की गोठ्यात जाऊन बसायचो, आई," अमोल म्हणाला.

"ते तू म्हशीसाठी जायचास."

"म्हशीसाठी न्हाई."

आक्काचा हात तोंडावर गेला. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तो सुट्टीवर आला की आपला पोरगा म्हशीच्या मायेने गोठ्यात झोपतो, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. नवऱ्याला तसंच सांगितलंही होतं, आणि तोही हसून सोडून द्यायचा. "लय एकटं बसायचं रं ते वसरीला," एवढंच ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. कुणीही वाईट नसलेलं घर होतं ते. पिढ्यान्‌पिढ्या माणूस बाहेर, बायका घरात, आणि धाकाला कुणीतरी लागतं. जो समोर नाही त्याचं नाव घेणं सगळ्यात सोपं. लष्करातली माणसं ज्या ज्या गावांत आहेत, तिथं हे थोडंफार असंच चालत असणार, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसणार.

आता पुढे काय, हे मला खरोखर माहीत नव्हतं. मी तसं सांगितलंही. पुण्याच्या मुली असत्या तर त्यांनी पाच उपाय सुचवले असते. मी अमोलला एवढंच विचारलं, की शौर्यला तुम्ही कुठले माहीत आहात?

अमोलने विचार केला. "फोनमधला," तो म्हणाला. आणि उठून गोठ्याकडे गेला.

थोड्या वेळाने घरात मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. आक्का सवयीने "बग, पप्पाचा—" म्हणायला गेली आणि जीभ चावून गप्प बसली. कोमलने फोन घेतला आणि कॉटखाली सरकवला. फोन वाजत राहिला. पोराने घेतला नाही. अमोलने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कोमलने वाकून बोट लावलं. आम्ही तिघी बायका श्वास रोखून बसलो. फोनमधून आवाज आला तो बापाचा नव्हता. रेडकू ओरडत होतं.

अमोल काहीच बोलला नाही. त्याने नुसतं रेडकू दाखवलं, त्याचे कान, त्याची ओली नाकपुडी. मग म्हैस दाखवली. मग फोन बंद केला. कॉटखालून बराच वेळ हालचाल नव्हती.

हा उद्योग मग रोज चालू झाला. बाप गोठ्यात आणि पोरगं घरात, मध्ये नुसतं अंगण, आणि दोघं फोनवर! गावात हसू झालं. "मिलिटरीवाला बायकोला सोडून म्हशीबरूबर फोन करतोय," असं शेजारी म्हणायचे. कोमल मला रोज फोनवर वार्ता द्यायची. आज त्यांनी तोंड दाखवलं, पोरानं फोन पालथा घातला. आज पालथा नाही घातला. आज म्हणाला, "पिल्लू दाव." आज त्यांनी विचारलं, पिल्लाचं नाव काय ठेवायचं, तर म्हणाला, "ट्रॅक्टर." माझ्या घरी आमचे हे सुद्धा आता विचारू लागले, आज काय झालं म्हणून. त्यांना माझी नोकरी पहिल्यांदाच इंटरेस्टिंग वाटत होती.

मी पुन्हा गेले त्या दिवशी ते बघायला मिळालं. अमोल गोठ्यात, फोन चालू. शौर्य कॉटच्या बाहेर बसला होता, फोन दोन्ही हातांत धरून. फोनमध्ये रेडकू ओरडलं, आणि त्याच क्षणी बाहेर गोठ्यातही ओरडलं. पोराने फोनकडे बघितलं, दाराकडे बघितलं. पुन्हा ओरडलं, दोन्हीकडून. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी नीट ओळखते, कारण ते माझंच दुखणं आहे. कुठून येतंय हे बघितल्याशिवाय आता त्याला चैन पडणार नव्हतं. तो उठला. फोन तोंडासमोर धरून, ठेचकाळत अंगण ओलांडून गोठ्याच्या दारात गेला. आत रेडकू होतं, आणि रेडकाशेजारी बसलेला माणूस होता. फोनमध्येही तोच होता. शौर्यने आधी फोनमधल्या बापाच्या गालाला बोट लावलं. मग दोन पावलं पुढे जाऊन खऱ्या गालाला लावलं. अमोल हलला नाही. वैऱ्यासमोर न हलता पडून राहायची सवय असलेला माणूस तो, पण त्याचे खांदे हलायला लागले होते. मी तिथून निघून आले. काही गोष्टी भोचक माणसानेही बघू नयेत.

सुट्टीचे थोडेच दिवस उरले होते. मूल एकदम गळ्यात पडलं वगैरे काही झालं नाही. रेडकू मध्ये असेल तर ते बापाजवळ बसायचं, नसेल तर उठून जायचं. अमोल गेला त्या सकाळी शौर्य मोटरसायकलच्या टाकीवर बसून एसटीच्या थांब्यापर्यंत गेला, पण बापाने कवेत घेतल्यावर हात पाय ताठ केले. पुढच्या सुट्टीला येणार का, हे अमोलला कुणी विचारलं नाही आणि तोही काही बोलला नाही. कोमल म्हणाली, "बाई, इचारायचं धाडस झालं न्हाई."

पुढे काही दिवसांनी आक्काचा फोन. सूर तक्रारीचा. "बाई, तुमी बरं केलं, पर ह्यो आता कुणाचंच ऐकत न्हाई बगा. बाप फोनवर दम भरत न्हाई, गाणी म्हणतोय. आमी करायचं काय? कुणाचं तरी नाव घ्यायला पायजे का नगो?" मी तिला समजावलं की नाव घेऊच नका. ती "व्हय व्हय" म्हणाली. त्या "व्हय व्हय"चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

शेवटची भेट दिवाळीच्या आधी झाली. अंगणात शौर्य रेडकाला फराळातला शंकरपाळा भरवत होता. मला बघून हसेल म्हणून मी हात वर केला. पोराने मला बघितलं, शंकरपाळा टाकला, आणि घरात धूम ठोकली. मी आत गेले तर कॉटखालून दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

कोमल ओशाळली. "आक्का," ती म्हणाली, "तुमीच सांगा आता."

आक्काने नजर चुकवली. "आवं, मग कुणाचं नाव घ्यायचं? घरात तर कुणी ऱ्हायलं न्हाई. म्हणलं, गप जेव, न्हाईतर त्या चष्म्याच्या बाई येत्याल."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? इतक्या घरांत जमिनीवर बसले, इतक्या पोरांनी माझा चष्मा ओढला, आणि शेवटच्या घरात माझाच बागुलबुवा झाला. आक्काला चार शब्द सुनवावेत म्हणून मी तोंड उघडलं, इतक्यात जमिनीवरचा मोबाईल वाजला; अमोलच्या फोनची ती वेळ होती. कॉटखालून एक हात बाहेर आला, मोबाईल ओढून आत घेऊन गेला, आणि मला आतला आवाज ऐकू आला. पोरगं दबक्या आवाजात, घाईघाईने बोलत होतं.

"पप्पा! त्या बाई आल्यात. तू ये. आत्ता ये!"

पलीकडे वारा होता, आवाज तुटत होता. मग अमोल म्हणाला, "भिऊ नगंस. म्या हाय. काय करत न्हाईत त्या."

"तू ये!"

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं रेंज गेली. कोमल दाराला टेकून उभी होती, तिने डोळे मिटले होते.

"येतो रं," अमोल म्हणाला. "आजच सुट्टी टाकतो. येतो."

मी आक्काला काहीच बोलले नाही. चष्मा पुसला, चपला घातल्या आणि निघाले.